लिलाबाईचे हत्यार

मित्रांनो, मी एक मिटता चाकू आहे, आणि जुना झालो आहे तो वयामुळे नव्हे, बंद राहिल्यामुळे. वय म्हणाल तर मला पाचवे वर्ष चालू आहे. माझ्या जातीच्या पोलादाला पाच वर्षे म्हणजे काहीच नाहीत. पण गेले अकरा महिने मी हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीच्या तीन नंबरच्या फाटकाशी, सुरक्षारक्षकांच्या खोलीत, टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. खणावर कागद चिकटवला आहे आणि त्यावर 'जप्त' असे लिहिले आहे. माझ्याबरोबर एक बिघडलेली बॅटरी, तंबाखूच्या सात पुड्या आणि कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. प्रत्येकाला वाटते, आपण चुकून इथे आलो आणि बाकीचे मात्र योग्य कारणाने आले असावेत.

आत्मवृत्त सांगायचे तर जन्मापासून सुरुवात करावी, मधे थोडे कौतुक करून घ्यावे आणि शेवटी थोडे रडावे, असा शिरस्ता आहे. मी तो पाळण्याचा प्रयत्न करीन. मात्र मला घाई आहे. माझ्या खिळ्यापाशी गंज चढतो आहे आणि पाते एकदा कायमचे आखडले, की माझी साक्ष संपली.

माझा जन्म पौडला झाला. भिकू नावाचा लोहार आठवडे बाजारात बसतो, त्याने मोडीत निघालेल्या एका जीपच्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून माझे पाते घडवले. ते पावणेतीन इंचांचे आहे. हा आकडा लक्षात ठेवा. मूठ बाभळीची, दोन बाजूंना पितळेच्या पातळ पट्ट्या, आणि पाठीला पोलादाची एक कमान, जी पात्याला उघडे असताना उघडे आणि मिटलेले असताना मिटलेले धरून ठेवते. बटण नाही, झटका नाही. मला उघडायचे तर पात्यावरच्या खाचेत नख घालून शांतपणे ओढावे लागते. ज्याला घाई असते किंवा राग आलेला असतो, त्याच्या मी कामाचा नाही.

भिकूच्या शेजारी दुसरे एक दुकान मांडलेले असे. त्यात परदेशातून पेटीने आलेले चकचकीत चाकू होते. काळ्या मुठीचे, लष्करी ठिपक्यांचे, पोटात छोटी बॅटरी असलेले. किंमत आमच्यापेक्षा कमीच. लोक आधी तिकडे जात. मी चार बाजार गोणपाटावर पडून ते पाहिले आणि त्या काळात मला नम्रता शिकता आली असती. मी तिरस्कार शिकलो.

पाचव्या बाजारी लिलाबाई आली.

लिलाबाई रिहे खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरवाडीची. चाळिशीची, सडपातळ, उजव्या तर्जनीवर आडवा पांढरा व्रण असलेली. घरी तिची वाडीची बोली, बाजारात मावळी मराठी, आणि नुकतीच हिंदी ही तिसरी भाषा तिला घ्यावी लागली होती, कारण ती हिंजवडीच्या कंपनीत बागेच्या कामाला लागली होती. ठेकेदाराने तिला एक हिरवा कोट दिला होता. त्या कोटाला खिसा होता. तिच्या आयुष्यातला तो पहिला खिसा. तोवर तिची कोयती कमरेला, सगळ्या जगाला दिसेल अशी असे. पण ठेकेदाराचा मुकादम किशोर याने सांगितले होते, की कोयती कामगारांच्या गाडीत चालणार नाही. किशोर शेजारच्या जांबे गावचा, घरच्या जमिनीवर भाड्याच्या खोल्या बांधलेला आणि तरीही नोकरी करणारा.

"मावशी, कंपनीच्या कात्र्या दोनच हायेत, त्याबी मोडक्या," तो म्हणाला होता. "आपापलं आना काहीतरी. खिशात मावंल असं. मिटणारं."

हे वाक्यही लक्षात ठेवा. या गोष्टीत साक्षीदार फार आहेत, साक्ष कुणाचीच नाही.

तर लिलाबाई आधी शेजारच्या दुकानाशी थांबली. दुकानदाराने तिला ठिपक्यांचा चाकू दाखवला.

"अकरा कामं करतो, मावशी. बाटली उघडतो, स्क्रू काढतो, बॅटरी लागते."

"कापतो का?"

"म्हंजे, कापतो की."

"त्ये शेवटाला सांगतुयास." आणि ती भिकूकडे वळली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला कधी रोज खिशात ठेवायला स्वस्तातला, चांगला चाकू घ्यायचा असेल, तर पुढचा अर्धा तास तिने काय केले ते नीट ऐका. त्याहून चांगले मार्गदर्शन तुम्हांला कुठे मिळेल असे मला वाटत नाही. आणि ऐकताना हेही ध्यानात घ्या, की एका चाकूवर विश्वास ठेवण्याआधी एका बाईने किती तपास केला. पुढे तुलना करायची आहे.

तिने मला मिटलेलाच मुठीत धरला. दोन्ही टोके मुठीबाहेर जराशी दिसली पाहिजेत, नाहीतर चिखलाच्या बोटांना खिशाच्या तळातून चाकू सापडत नाही. मग उघडून पाते आडवे हलवून पाहिले. खिळ्यापाशी डुलणारा चाकू आज नवा असतानाच डुलत असेल, तर वर्षाने तो गळणारच. मग मला उजेडासमोर धरून पाते आणि मूठ यांच्या फटीतून पाहिले; उजेड आरपार दिसला, तर जोड सैल. मग माझे पाते उघडे ठेवून त्याची पाठ फळीवर दाबली, एकदा हळू, एकदा जोराने. कमानीने पाते सोडले नाही.

"ह्ये कशापायी?" भिकूने विचारले. त्याला उत्तर माहीत होते.

तिने तर्जनी दाखवली. "आदीचं हितं मिटलं हुतं. बोटावर."

"कुटनं घेतलेलं?"

तिने हनुवटीने शेजारच्या दुकानाकडे खूण केली. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलण्यात गढून गेला.

मग तिने गाठोड्याची सुतळी सोडली, एक टोक धरून ती लोंबती ठेवली आणि दुसऱ्या हाताने माझे पाते त्यावरून ओढले. ताणलेली सुतळी कुठल्याही पात्याने तुटते. लोंबती सुतळी फक्त धार असेल तरच. ती तुटून खाली पडली. लिलाबाईने तोंडावर काही दिसू दिले नाही, कारण भाव अजून ठरायचा होता.

"काळं पडंल का?"

"पडंल. कैरी चिरलीस, फांदी तोडलीस, का काळं पडनार. त्याला घाबरू नगं. पुसून ठिवलंस तर काळं, न्हाई पुसलंस तर लाल. लाल झालं, का माज्याकडं आनू नगं."

"आन ह्ये उघडायचं कसं? नख हाय कुटं मला?" तिने अंगठा पुढे केला. माती आणि चुन्याने नख मांसापर्यंत झिजले होते.

"नवऱ्याला सांग उघडायला."

"नवरा मिटायच्या कामाचा. उघडायच्या न्हाई."

भिकू इतका हसला, की त्याला भाता सोडावा लागला. मग त्याने कानस घेतली आणि माझ्या पात्यावरची नखाची खाच दुपटीने रुंद केली. इतकी, की बिननखी अंगठ्याचे नुसते मांसही तिच्यात बसावे. अशी खाच असलेला दुसरा चाकू मुळशी तालुक्यात नाही. शेवटी दोनशे रुपयांवर सौदा पटला, आणि उठताना ती मला तळहातावर तोलून म्हणाली, "हत्यार चांगलं हाय."

मित्रांनो, हे माझे नामकरण. तिच्या तोंडी विळा हत्यार, खुरपे हत्यार, गोधडी शिवायची दाभणसुद्धा हत्यार. या शब्दात हात आहे. ज्याने हाताचे काम होते ते हत्यार. जाणकार त्याचे मूळ संस्कृतातल्या 'हस्त'पर्यंत नेऊन दाखवतात. त्यात हत्या ऐकू येते ती ऐकणाऱ्याला. शब्दात ती नाही.

त्यानंतरची चार वर्षे मी त्या हिरव्या खिशात होतो. सकाळी रिह्याच्या फाट्यावरून कामगारांची गाडी निघे, घोटावडे, माण करीत तासाभरात हिंजवडीत पोचे, आणि मग मोटारींच्या रांगेत शेवटच्या दोन किलोमीटरला पुन्हा तेवढाच वेळ लागे. दिवसभर मी रोपांच्या काळ्या पिशव्या चिरल्या, आधाराच्या काठ्यांच्या दोऱ्या कापल्या, खताच्या गोण्यांची तोंडे उघडली, जास्वंदीची कलमे तोडली, दुपारी डब्यातला कांदा चिरला. काळा झालो. लाल कधी झालो नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर ती आधी मला पुसून करंजाचे तेल लावी आणि मग चुलीकडे वळे. तिची मुलगी राणी बारावीचे वाचत बसलेली असे. ती म्हणे, "आई, चाकूला तेल आणि माझ्या केसांना नाही." "तुजे क्यास गंजत न्हाईत," असे उत्तर मिळे. त्याच दिवसांत राणीने आईला सही करायला आणि सावकाश वाचायला शिकवले. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

कौतुकही झाले. एकदा गाड्या लावण्याच्या जागेत एका मुलीची ओढणी तिच्याच स्कूटरच्या मागच्या चाकात गुंतली आणि गळ्याशी आवळत गेली. लोक धावले, पण धावून काय करायचे ते कुणाला कळेना. लिलाबाईने मला उघडले आणि एका ओढीत ओढणी कापली. मुलीने तिला मिठी मारली, दुसऱ्या दिवशी चॉकलेटचा डबा दिला. त्या दिवशी मला कुणी काही म्हणाले नाही. चाकू म्हटले असेल कदाचित.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीच्या अंगणात मांडव घालून वर फलक लावला होता: 'हत्यारपूजन'. खाली संगणक, गवत कापायचे यंत्र, रक्षकांच्या काठ्या, आणि किशोरने सांगितले म्हणून लिलाबाईने ठेवलेला मी. सुरक्षा विभागाचे प्रमुख निरंजन हे पुण्यातले, शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या बोटाने मला कुंकू लावले आणि झेंडूचे फूल ठेवले. त्यांचे बोट थंड होते. एवढेच मला आठवते.

त्यानंतरच्या वर्षी शहरात कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज येऊ लागल्या आणि कंपनीत ठरले, की कामगारांची झडती घ्यायची. आत येणाऱ्या मोटारींची नाही. बाहेर जाणाऱ्या पायी माणसांची.

संध्याकाळचे पाच वाजले होते. दुपारभर आम्ही चाफ्याच्या फांद्या तोडल्या होत्या आणि माझ्या पात्यावर चीक होता. घरी गेल्यावर पुसला गेलाच असता. फाटकावर नवा रक्षक होता, आठ दिवसांपूर्वी उत्तरेतून आलेला, बारा तास उभा असलेला. त्याने कोटाच्या खिशावर हात ठेवला.

"मौसी, जेब में क्या है?"

"काय न्हाई. माजं हत्यार हाय."

"क्या बोला?"

त्याला ऐकू आले नसेल असे वाटून तिने सावकाश, रांगेला ऐकू जाईल असे सांगितले, "हत्यार. हत्यार है. काम का है."

रांगेतली माणसे मागे सरकली. तिची तिसरी भाषा जिथे कमी पडली ती जागा हीच. त्या रक्षकाच्या भाषेत या शब्दाला कामाचा अर्थ नाही. फक्त दुसरा आहे. त्याचा मी दोष धरीत नाही. दोष ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या त्यांचा.

निरंजन खोलीतून बाहेर आले. त्यांनी मला मिटलेलाच हातात घेतला.

"बाई, हत्यार कुठल्या कामाला लागतं?"

"समद्याच."

"समद्याच," त्यांनी पुन्हा म्हटले आणि रक्षकाकडे पाहिले. "रामपुरी दिसतोय."

रामपूर कुठे आहे मला ठाऊक नाही. मी पौडचा.

"किशोरदादांनीच सांगितलं, आपापलं आना म्हून," लिलाबाई म्हणाली. किशोर चार हातांवर उभा होता. त्याच्या तोंडून एक वाक्य निघाले असते, तर मी आज तेल लावून वाडीवर असतो.

निरंजनांनी विचारले, "तुम्ही हत्यार आणायला सांगितलंत?"

किशोरने थोडा विचार केला. "हत्यार हा शब्द मी वापरलेला नाही, सर."

हे खरे होते. मित्रांनो, मला त्या दिवसापासून खोट्याची भीती वाटेनाशी झाली आहे. इतके नेमके खरे मी पहिल्यांदाच ऐकले.

मग वही आली. रक्षकाने आपल्या भाषेत लिहिले, 'हथियार, एक'. निरंजन म्हणाले, "सही करा, म्हणजे वस्तू तुमचीच होती एवढंच." लिलाबाई वाकली. तिने बोट ठेवून वाचले. शब्द तिचाच होता, एका अक्षराने किंचित जाड झालेला. 'त' आणि 'थ' यांतला फरक तिने पाहिलासुद्धा असेल आणि परक्या माणसाचे अक्षर म्हणून सोडून दिला असेल. आपली वस्तू आपल्या नावाने लिहिली, याचे तिला थोडे समाधानच वाटले. तिने पूर्ण नावाची सही केली. अंगठा उठवला असता, तर निदान वाचता येत नव्हते असे म्हणता आले असते.

या सगळ्याला दोन मिनिटांहून कमी वेळ लागला. भिकूच्या गोणपाटापाशी अर्धा तास लागला होता. आणि या दोन मिनिटांत मला कुणी उघडले नाही. उघडले असते तर पावणेतीन इंच दिसले असते; चाकूला शस्त्र ठरवायला कायद्यालाही नऊ इंचांच्या पुढची लांबी लागते, असे ऐकतो. चाफ्याचा चीक दिसला असता. बिननखी अंगठ्यासाठी रुंद केलेली खाच दिसली असती. निकाल मिटलेल्या चाकूवर लागला.

पुढचे मी खणातून ऐकले आहे. हथियार हा शब्द वहीतून संगणकात गेला आणि तिथे त्याचे भाषांतर होऊन 'शस्त्र बाळगणे' झाले. ती ओळ ठेकेदाराच्या यादीतून त्याच्या साऱ्या ठिकाणी गेली: दुसऱ्या दोन कंपन्या, माणच्या रस्त्यावरच्या तीन मोठ्या वसाहती. लिलाबाई जिथे कामाला उभी राही तिथे फाटकावरचा माणूस हातातल्या फोनमध्ये पाही आणि नाही म्हणे. ती भांडत नसे. ती या खिडकीशी परत येई, कारण ओळ इथून निघाली होती, तेव्हा इथूनच पुसली जाईल असा तिचा सरळ हिशेब होता.

"सायेब, तेवडी वळ काडा," ती म्हणे. "चोरी लिवली असती तर भांडले असते. ह्ये काय लिवलंय तेच मला कळना."

"वरती पाठवलंय, मावशी," निरंजन म्हणत.

ती सहा वेळा आली. वरती नावाच्या जागी काय आहे ते मला माहीत नाही. मी खालच्या खणात आहे. प्रत्येक वेळी तिचा आवाज काचेतून आला की मी पाते हलवायचा प्रयत्न करी. चाफ्याचा चीक वाळून खिळ्यात बसला होता. त्यावर पावसाळ्याची ओल चढली. काळ्यावर पहिला लाल ठिपका पडला तेव्हा मला भिकूचे वाक्य आठवले, आणि मला कळले, की मी आता पुरावा म्हणूनही संपत चाललो आहे. लाल, आखडलेला, न उघडणारा चाकू कुणालाही शस्त्रच वाटेल.

सातव्यांदा ती आली त्या दुपारी निरंजनांचा वाढदिवस होता.

खोलीत दहाबारा माणसे जमली होती. किशोरही होता. केकच्या खोक्यातली प्लॅस्टिकची सुरी पहिल्याच दाबात मोडली. कुणीतरी खण उघडला. उत्तरेतल्या त्या रक्षकाने मला काढले आणि खाचेत अंगठा घातला. पाते हलेना. त्याने पुन्हा ओढले. मी जितका जोर लावता येईल तितका लावला. कमान करकरली, चीक तडकला, आणि दहा महिन्यांनी मी उघडलो.

"अरे, एवढासाच आहे की हा," कुणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

ज्या वाक्यासाठी लिलाबाईने सहा खेटे घातले ते वाक्य असे, विनोद म्हणून, बोलून झाले. निरंजनांनी मला कागदी रुमालाने पुसल्यासारखे केले आणि केक कापला. टाळ्या पडल्या. त्याच वेळी खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

लिलाबाई होती आणि शेजारी राणी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला अर्ज. निरंजन आनंदात होते. त्यांनी कागदाच्या बशीत केकचा तुकडा ठेवून खिडकीतून पुढे केला. लिलाबाईने बशी पाहिली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"राणे, ह्येच त्ये," ती म्हणाली. "माजं."

राणीने एकदा केककडे आणि एकदा टेबलावरच्या वहीकडे पाहिले. तिचा आवाज अगदी सभ्य होता. "साहेब, तुम्ही शस्त्राने केक कापलात का?"

"चाकू आहे हा," निरंजन म्हणाले.

"मग तसं लिहा."

मलईचा एक ठिपका माझ्या टोकावरून खाली पडला.

"खंडेनवमीला तुमीच कुक्कू लावलंत ह्याला," लिलाबाई म्हणाली. "तवा वर लिवलं हुतं की, हत्यार म्हून. मोट्या अक्षरात. मी वाचलं हुतं."

"मावशी, ते प्रतीकात्मक असतं."

"आन कापायचं?"

निरंजनांनी किशोरकडे पाहिले. राणीनेही पाहिले. "किशोरदादा, तुम्ही सांगितलं होतं ना आईला, आपापलं आणा म्हणून? एक ओळ लिहून द्या. खाली सही."

किशोरच्या तोंडात केक होता. तो त्याने बराच वेळ चावला. "वरती बोलतो मी," तो शेवटी म्हणाला. "आज सरांचा वाढदिवस हाय, आज नको."

निरंजनांना प्रसंग मिटवायचा होता. वाढदिवसाला माणूस उदार होतो. "मावशी, असं करू. तुमचा चाकू तुम्ही घेऊन जा. आत्ता. विषय संपला." त्यांनी वही ओढली, दहा महिन्यांपूर्वीचे पान काढले आणि त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. "इथे सही करा. वस्तू परत मिळाली."

मित्रांनो, त्या क्षणी मला फक्त घरी जायचे होते. ओळ, यादी, अक्षर यांतले मला काही नको होते. मला तेलाची वाटी हवी होती आणि तो खिसा. तिने सही करावी म्हणून मी ज्याची विनवणी करता येईल त्याची केली. हे मी लपवत नाही.

लिलाबाईने पेन घेतले. वाकली. बोट ठेवून वाचू लागली, आणि बोट मधेच थांबले.

"ह्यो कंचा, राणे?"

"थ, आई."

"मागल्या टायमाला मला त वाटला हुता."

"माहितंय."

"ह्याच्यावर पुना सही क्येली, तर पुना त्येच म्हनलं ना मी? का माजं हाय म्हून."

राणीने मान हलवली.

"सायेब, ह्यो थ खोडा आन त करा. मंग करते सही."

"वहीत खाडाखोड चालत नाही, मावशी. तपासणी असते."

"मंग ऱ्हाऊ द्या." तिने पेन ठेवले. "थ-वालं माजं न्हाई. माजं त-वालं हुतं. तुमच्याकडं सापडलं, तर द्या."

मग तिने खिडकीतून हात आत घालून मला उचलले. रक्षक पुढे झाला आणि थांबला. तिने पदराच्या टोकाने माझ्यावरची मलई पुसली. लाल डाग चोळून पाहिला. तो गेला नाही. कमानीवर अंगठा ठेवून तिने मला मिटले, रोज संध्याकाळी मिटत असे तसे, बोटे वाचवून. आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"पुसून ठिवत जावा, भाऊ," ती रक्षकाला म्हणाली. "लाल पडलंय."

"जी, मौसी," तो म्हणाला.

त्या दोघी मोटारींच्या रांगेच्या कडेने निघून गेल्या. राणीचा अर्ज त्यांनी ठेवून घेतला आणि माझ्याच खणात, माझ्याच अंगावर टाकला. तो अजून घडी घातलेलाच आहे. मी जसा मिटलेला होतो तसा.

आता मला रोज काम असते. पार्सलांच्या चिकटपट्ट्या, कुणाचे सफरचंद, दुधाची पिशवी. मला चाकू म्हणतात, हाक मारून मागतात. वहीत मात्र मी हथियार आहे, आणि यादीत लिलाबाई तशीच आहे. तो रक्षक आठवण होईल तेव्हा मला पँटला पुसतो. त्याच्याकडे तेल नाही.

मित्रांनो, चाकू घ्यायला जाल तेव्हा खिळा हलवून पाहा, कमान दाबून पाहा, लोंबती सुतळी कापून पाहा. घेतल्यावर ओला ठेवू नका. आणि कधी कुणाच्या खिशातून मिटलेली वस्तू तुमच्या हातात आली आणि तिच्यावर शब्द लिहायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी ती उघडा. माझ्या बाबतीत ते कठीण नव्हते. भिकूने खाच रुंद करून ठेवली आहे. मला उघडायला नखसुद्धा लागत नाही.